चौथऱ्यावरचं हत्यार

"हे मशीन इथेच चालवता?" मी विचारलं.

"इथेच. एकदम पक्कं बसवलंय," सबनीस साहेब म्हणाले, आणि बुटाच्या टोकाने त्यांनी चौथऱ्याला हलकेच ठोकून दाखवलं.

मी कपाळाला हात लावला. मनातल्या मनात, अर्थात. सरकारी माणसाने कारखान्यात उभं राहून कपाळाला हात लावायचा नसतो.

सातपूरच्या एमआयडीसीतली ती एक फाउंड्री होती, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. सबनीस तिथले जनरल मॅनेजर. मी मुंबईच्या कस्टम्समध्ये अप्रेझर होतो. परदेशातून आलेला माल बघून तो नेमका काय आहे आणि टॅरिफच्या कुठल्या खणात बसतो हे ठरवणं, हे अप्रेझरचं काम. टॅरिफ म्हणजे जगातल्या यच्चयावत वस्तूंची जाडजूड यादी. टाचणीपासून विमानापर्यंत प्रत्येकाला त्यात एक खण दिलेला असतो, आणि प्रत्येक खणाची जकात वेगळी. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. जुनी यादी जाऊन नवी नुकतीच आली होती आणि ती पाठ करता करता आमच्या सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते.

या कंपनीने जर्मनीहून एक यंत्र आणलं होतं. भट्टीला नवं अस्तर लावायचं यंत्र. ते समजायला आधी भट्टी समजायला हवी. विजेची इंडक्शन फर्नेस म्हणजे तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यात बसवलेलं एक मोठं भांडं. वेटोळ्यातून वीज जाते, नळीतून गार पाणी फिरतं, आणि आत लोखंड वितळतं. हे भांडं धातूचं नसतं. गारगोटीच्या भुकटीचं जाड अस्तर, तेच भांडं. फाउंड्रीत त्याला लाइनिंग म्हणतात. वितळलेलं लोखंड हे अस्तर हळूहळू खात जातं. काही आठवड्यांनी जुनं फोडायचं आणि नवं लावायचं. मध्ये पत्र्याचं पिंप उभं करायचं, पिंप आणि वेटोळं यांच्या मधल्या फटीत भुकटी ओतायची आणि ती ठासायची. ठासताना कुठे पोकळी राहिली, तर वितळलेलं लोखंड तिथून वाट काढतं आणि वेटोळ्याला जाऊन भिडतं. वेटोळ्यात पाणी. म्हणजे स्फोटच, पुढचं सांगायला नको.

पूर्वी हे ठासायचं काम सळयांनी, हाताने व्हायचं. जर्मन यंत्र हवेच्या दाबावर धडधडतं, पिंपाच्या आतून ते पत्र्याला लावलं की भुकटी बसत जाते. कंपनीच्या मुंबईतल्या एजंटाने कागदावर लिहिलं होतं, हे हाताने वापरायचं हवेवरचं हत्यार आहे. त्या खणाची जकात कमी. आमच्या ऑफिसातले काही जण म्हणत, हा भट्टीचाच भाग. ते मला मुळीच पटलं नव्हतं. चूल सारवायचा पोतेरा हा काही चुलीचा भाग होत नाही. पण तिसराही एक खण होता: दुसरीकडे कुठेच न बसणाऱ्या यंत्रांचा. तिथे जकात जास्त. माल बाँडवर, म्हणजे हमीपत्रावर, सोडून दिला होता आणि निकाल राहिला होता. आमचे असिस्टंट कलेक्टर नायर साहेब मला म्हणाले, "गांगुर्डे, तुम तो नासिकवाले हो. शुक्रवारी जा, मशीन बघा, घरीही जाऊन या."

नियम सोपा होता. माणसाला उचलून हलवता येतं आणि काम करताना जे हाताने धरून फिरवावं लागतं, ते हत्यार. भार पेलायला वरून साखळीने टांगलं तरी चालेल. पण जमिनीला, भिंतीला किंवा टेबलाला पक्कं बसवायची सोय असेल, तर ते हत्यार नाही. विषय संपला.

आणि इथे ते पांढऱ्या टाइल्सच्या चौथऱ्यावर चार बोल्टांनी जखडलेलं होतं. खाली वेल्डिंग केलेली जाड पट्टी. पुढे पितळी पाटी. वर दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार, वाळून खडखडीत झालेला. हळदीकुंकवाचे पाच ठिपके. सबनीस साहेबांच्या चेहऱ्यावर असं कौतुक, की जणू त्यांच्याच मुलीचं लग्न ठरलंय.

"इम्पोर्टेड मशीन आहे," ते म्हणाले. "जमिनीवर कसं ठेवायचं?"

अहो, जमिनीवरच ठेवायचं होतं! एजंटाने 'हाताने वापरायचं' असं लिहून दिलेलं त्यांना माहीतच नसावं, किंवा त्याचा अर्थ ठाऊक नसावा. कस्टम्सचा साहेब येणार म्हणून त्यांनी तो चौथरा सकाळीच पाण्याने धुऊनही घेतला होता. रिपोर्ट लिहायला मला पाच मिनिटं पुरली असती. मी फोटो काढला.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपत होती. हवेवर चालणारं मशीन, आणि आसपास हवेचा पाइप नाही. भट्टी तर पार दुसऱ्या टोकाला. यंत्रापाशी एक पन्नाशीचा माणूस उभा होता, हातात फडकं. पुंजा मिस्त्री. लाइनिंगचं काम त्याचं. मी त्याला विचारलं, "मिस्त्री, हे इथे चालतं कसं?"

त्याने सबनीस साहेबांकडे बघितलं. "सायेब सांगत्यात तसंच," तो म्हणाला आणि पुसलेलंच यंत्र पुन्हा पुसायला लागला.

जेवायला सबनीस साहेबांनी मला कँटीनमध्ये नेलं. साधं जेवण, सगळ्यांसारखं ताट. तो माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुम्ही नाशिकचे ना? घर कुठे?"

मी सांगितलं. नाशिकरोडला. बायको तिथल्याच शाळेत शिक्षिका आहे, तिची बदली होत नाही. मुलगी आठवीत. मी मुंबईला सरकारी क्वार्टरमध्ये आणखी दोघांबरोबर राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो.

"किती वर्षं असं चाललंय?"

"बारा."

ते जेवायचे थांबले. मग म्हणाले, "गांगुर्डे, मी सरळ बोलतो. आम्हाला इम्पोर्टचं काम बघायला माणूस हवाय. मुंबईचा कोणी इथे टिकत नाही. आत्ताचा पुढच्या महिन्यात चाललाय. तुम्ही या. या केसचा संबंध नाही. तुमचा निकाल काहीही लागू दे."

मी हातातला घास ताटात ठेवला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला सातपूर ते नाशिकरोड बसचा रस्ता दिसला. रोज संध्याकाळी घरी. रोज! मंगळवारी घर कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. बुधवारी मुलगी शाळेतून येऊन आधी काय करते, दप्तर कुठे टाकते, कोणाशी भांडून येते, काही ठाऊक नव्हतं. नाशिकला बदली मिळावी म्हणून मी किती अर्ज केले होते, ते आस्थापना शाखेच्या कारकुनाला विचारा. तो मला लांबून बघूनच मान हलवायचा.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. म्हणवलं नाही.

निघताना पुंजा मिस्त्री गेटपर्यंत आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "सायेब, तुमी नाशिकरोडचे गांगुर्डे ना? जयभीम. एक बोलू का? ते मशीन तिथं निसतं ठेवलंया. दाखवायला. उद्या सुट्टी हाय, उद्या मोठ्या भट्टीचं लायनिंग हाय. बघायचं तर उद्या या. आज जे बघितलं त्ये काय खरं नाय."

सातपूरला आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. भट्ट्या थंड असतात, म्हणून लाइनिंग शनिवारी. आणि शनिवार हा माझा घरी असण्याचा एकुलता एक अख्खा दिवस, रविवारी दुपारी चारला बॅग उचलून मुंबईला निघायचो.

संध्याकाळी घरी शालिनीला नोकरीचं सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"पुढच्या महिन्यापासून म्हणतात."

"मग घ्या ना! काय चुकीचं आहे त्यात?" तिचा आवाज एकदम चढला, मग तिनेच तो खाली आणला. "चोरी करतोय का आपण? मित्रा दोन वर्षांत दहावी होईल. मग कॉलेज. मग कुठे आपली राहते ती?"

संघमित्रा, आमची मित्रा, आतून ओरडली, "बाबा रोज येणार?"

"अजून काही ठरलं नाही," मी म्हणालो.

"पण येणार ना?"

 ती बाहेर येऊन माझ्या खुर्चीच्या हातावर बसली. एवढी मोठी झालेली मुलगी, खुर्ची कलंडायची म्हणून मी तिला उठवलं. आता वाटतं, कलंडली असती तरी काय बिघडलं असतं. शनिवारी सकाळी आम्ही भूमितीची प्रमेयं करायचो, मग तिला सायकलवर पुढे काढून मी मागून चालत नाशिकरोडच्याच बाजारात, भाजीला. तो आमचा कार्यक्रम. मी सांगितलं, उद्या कामाला जायचंय, दुपारपर्यंत येईन.

"शनिवारी पण?" एवढंच म्हणून ती आत गेली.

सकाळी आठला मी फाउंड्रीत होतो. सबनीस साहेब नव्हते. पुंजा मिस्त्री आणि दोन हेल्पर. मी पोचलो तेव्हा चौथरा रिकामा होता, चारही बोल्ट एका डब्यात. खालची पट्टीसुद्धा निघालेली. ती पट्टी मशीनला वेल्ड केलेली नव्हतीच, नुसती खालून आवळलेली होती. दर वेळी काम झालं की मशीन धुवायचं, पुसायचं आणि परत चौथऱ्यावर कसून ठेवायचं, आणि पाहुण्यांना ते इथेच चालतं म्हणून सांगायचं, असा हुकूम होता. आपल्याकडे घरात चांगली कपबशी पाहुण्यांसाठी कपाटात वर ठेवतात ना, तसा सगळा प्रकार.

मिस्त्रीने आधी खिशातून जुन्या धोतराच्या पट्ट्या काढल्या आणि यंत्राच्या दोन्ही मुठींना घट्ट गुंडाळल्या.

"हे कशाला?"

"हात बधिर व्हत्यात सायेब. बधिर हाताला काय कळतंय? पाहुणे आले की पट्ट्या काढून ठेवायच्या, बरं दिसत नाय म्हनत्यात."

हेल्परांनी भुकटी ओतली. यंत्र साखळीला अडकवलं आणि मिस्त्री ते घेऊन पिंपात उतरला. हवा सुरू झाली. पायाखालची जमीन थरथरायला लागली. मी वाकून बघत होतो. साखळीने फक्त वजन धरलं होतं. बाकी सगळं त्याचे दोन हात करत होते. पत्र्याला यंत्र टेकवायचं, दाबायचं, वीतभर सरकवायचं, पुन्हा दाबायचं. मध्येच तो हवा बंद करायला सांगायचा, तळवा पत्र्यावर ठेवायचा, मुठीने ठोकायचा, कान लावायचा. मग मान हलवून त्याच जागी पुन्हा. एका जागी तो तीनदा फिरून आला. मला तर काहीच फरक ऐकू आला नाही.

चहाला वर आला तेव्हा मी विचारलं, "हे आत टांगून नुसतं सोडून दिलं तर? आपोआप होणार नाही?"

तो हसला. "करून बघितलं सायेब सुरुवातीला. साहेबलोक म्हनले, आटोमॅटिक हाय, हात लावू नका. चौथ्या दिवशी भट्टी लाल झाली भायेरून. नशीब, टायमात लोखंड वतून टाकलं. मशीन निसतं हलतं. कुठं हलायचं, त्ये हात सांगतो."

एवढं मला पुरे होतं. मी दुसरा फोटो काढला: पिंपात उभा पुंजा मिस्त्री, हातात धोतराच्या पट्ट्या गुंडाळलेल्या मुठी. तो पिंपाबाहेर आल्यावर त्याला विचारून यंत्राची साखळी सोडायला लावली. त्याने ते एकट्याने उचललं, चार पावलं नेलं आणि खाली ठेवलं. धापा टाकत म्हणाला, "झालं का मनाजोगतं?"

ते हत्यार होतं. शंभर टक्के. कंपनीचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे कंपनीच्या जनरल मॅनेजरलाच नीट ठाऊक नव्हतं.

बाहेर येऊन बस स्टॉपवर उभा राहिलो. तोपर्यंत डोक्यात नुसतं यंत्रच होतं. आता सरळ हिशोब समोर आला. मी खरं लिहिणार, म्हणजे निकाल कंपनीच्या बाजूने. आणि महिन्याभराने मी त्याच कंपनीत खुर्चीवर. माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी लोक बोलले असते. माझ्यासारख्याच्या सहीकडे तर लोक आधीच भिंग घेऊन बघतात. बॅचमधला एकजण मला तोंडावर म्हणाला होता, तुम्ही लोक कसे आलात ते माहीत आहे. मी बारा वर्षं एकेक फाईल अशी लिहिली होती, की कोणाला कुठे बोट ठेवायला जागा मिळू नये. आता मीच जागा करून देणार होतो.

संध्याकाळी शालिनीने पहिल्याच वाक्यात ओळखलं. वाद घालायचा म्हणून नाही, खरोखर वाट शोधत ती म्हणाली, "फाईल दुसऱ्या कोणाला द्या. तुम्ही सहीच करू नका."

"दुसरा कोणीतरी कामाच्या दिवशी येणार. चौथऱ्यावरचं मशीन बघणार. सबनीस त्याला बूट आपटून दाखवणार. पाच मिनिटांत निकाल विरुद्ध. आणि मी खरं बघितलंय."

"आणि तुम्ही विरुद्ध लिहिलं तर? ते म्हणालेत ना, निकाल काहीही लागू दे."

"तर मी खोटं लिहून घरी येईन."

तिने लाल पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही काहीही लिहा, आम्ही आहोत तिथेच." आणि वह्या ओढून घेतल्या. तिने त्या दिवशी किती मुलांना विनाकारण लाल खुणा केल्या असतील, देव जाणे. आम्ही देव मानत नाही, पण म्हणायची सवय आहे.

सोमवारी मी सात पानी रिपोर्ट लिहिला. दोन्ही फोटो जोडले. चौथऱ्याचाही जोडला, लपवला नाही, आणि चौथरा का मोजायचा नाही हे एक पानभर लिहिलं. नायर साहेबांनी सगळं वाचलं, धोतराच्या पट्ट्यांपाशी थांबून पुन्हा वाचलं.

"रिपोर्ट एकदम सही है," ते म्हणाले. "पण तुम्ही नासिकचे. काही ऑफर वगैरे?"

"हो सर. नोकरीची. मी नाही म्हणणार आहे."

नायर साहेबांनी पेन उचललं. त्यांची बायकामुलं केरळला होती, वर्षातून एकदा भेटायची. "घर पे बताया?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

त्यांनी रिपोर्टवर सही केली आणि फाईल पुढे सरकवली.

ऑर्डर निघाल्यावर सबनीस साहेबांचा फोन आला. ते खूश होते. मग म्हणाले, "जागा अजून रिकामी आहे बरं का. तुम्ही आमचं काम केलंत म्हणून नाही हो. खरंच माणूस हवाय."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "म्हणून तर नाही म्हणणं जड जातंय."

"दोन वर्षं थांबतो, हवं तर."

"त्या फायलीवर सही माझीच राहील, साहेब."

दोन महिन्यांनी त्यांना पुण्याचा कोणी माणूस मिळाला. चांगला होता असं ऐकलं. चौथराही त्यांनी फोडला, असं पुंजा मिस्त्रीने कुठेतरी भेटल्यावर सांगितलं. मिस्त्री त्यावर मनापासून हसला. मलाही हसू आलं, पण थोडं.

त्या निकालावर पुढे कोणी अपील केलं नाही. नंतर तशीच यंत्रं आणखी दोन-तीन ठिकाणी आली, तेव्हा माझाच रिपोर्ट काढून वाचला गेला. नव्या अप्रेझरांना मी सांगायचो: कॅटलॉग वाचू नका, पाटी वाचू नका, वस्तू काम करत असताना बघा आणि ती कोणाच्या हातात आहे ते बघा. ते वहीत लिहून घ्यायचे. त्या शनिवारी घरी काय चाललं होतं, ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

नाशिकला बदली मला मिळाली नाही. मित्रा दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, तिथेच नोकरी, तिथेच लग्न. तिच्या वाढीतले मी सगळे शनिवार-रविवार बघितले. सोमवार ते शुक्रवार शालिनीने बघितले. ती मला सांगते, कधी कधी. ऐकताना वाटतं, दुसऱ्याच कोणाच्या मुलीच्या गोष्टी ऐकतोय.

मी रिटायर होऊन घरी आलो, त्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता शालिनीने माझी बॅग भरून दारात आणून ठेवली. इस्त्रीचे शर्ट, टॉवेल, आठवड्याचा चिवडा. सवयीने. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती तशीच दाराला टेकून रडायला लागली. मी बॅग उचलून आत नेली. माझ्या कपाटात जागा नव्हती, मुळात दोन दिवसांपुरतंच कपाट होतं ते. मित्राच्या कपाटातला कप्पा रिकामा होता. शर्ट तिथे लावले.